खलाशी, खाडी आणि गाव : विल्यम रिचर्डसन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आधीचं येर्बा ब्वेना

दर्याकिनारा

सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास म्हटलं की सोनं आणि १८४९ ची झुंबड एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते गाव त्याच्या चौदा वर्षं आधी एका खलाशाने मांडलं होतं, त्याचं नाव इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही ठाऊक नसतं. रिचर्डसन बे या आखातावरच्या पुलावरून रोज गाडी नेणारे हजारो असतील, पण हा रिचर्डसन कोण ते सांगणारा मला क्वचितच भेटला. म्हणून हा धागा.

विल्यम अँथनी रिचर्डसन, जन्म १७९५, इंग्लंड. लहानपणीच समुद्रावर गेला. ऑगस्ट १८२२ मध्ये 'ओरायन' नावाचं देवमाशांची शिकार करणारं ब्रिटिश जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरलं, त्यावर तो फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाखालचा पहिला अधिकारी, होता. त्याला स्पॅनिश येत होतं, म्हणून रसदीची बोलणी करायला त्याला किनाऱ्यावर धाडलं. तिथे प्रेसिडियो, म्हणजे लष्करी ठाणं, आणि तीनेक मैलांवर मिशन डोलोरेस, म्हणजे मूळनिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी पाद्र्यांनी वसवलेलं ठिकाण. मधे वाळूच्या टेकड्या, झुडपं आणि वारा. बाकी काही नाही.

त्या रात्री ठाण्यावर नाच-गाणं होतं. रिचर्डसन थांबला, परत जायला उशीर झाला, कप्तानाशी वाजलं आणि जहाज त्याला मागे ठेवून निघून गेलं. ठाण्याचे कमांडर इग्नासियो मार्तिनेस यांची मुलगी मारिया अँटोनिया हिच्याशी त्याची ओळख तिथलीच. (आजचं मार्टिनेझ शहर या मार्तिनेस घराण्याच्या नावाचं.)

कॅलिफोर्निया तेव्हा नुकताच स्पेनच्या हातून मेक्सिकोकडे गेला होता. रिचर्डसनने राहायची परवानगी मागितली, तेव्हा गव्हर्नर सोला यांनी घातलेली अट बघण्यासारखी आहे : राहा, पण इथल्या तरुणांना नौकानयन, सुतारकाम आणि होड्या बांधणं शिकव. एवढी अफाट खाडी दाराशी आणि होडी बांधायला शिकवणारा माणूस मिळाला तर हवाच होता! त्याने अट मान्य केली. १८२३ मध्ये कॅथलिक झाला, १८२५ मध्ये मारिया अँटोनियाशी लग्न केलं, १८३० मध्ये मेक्सिकन नागरिक. मधली काही वर्षं दक्षिणेला सॅन गॅब्रिएलला राहिला आणि किनाऱ्याने व्यापार केला.

१८३५ साली गव्हर्नर फिगेरोआ यांना खाडीच्या आत व्यापारी बंदर हवं होतं. रिचर्डसन बायकोमुलांना घेऊन उत्तरेला आला. २५ जून १८३५ ला येर्बा ब्वेना नावाच्या छोट्या आखातावरच्या चढावर त्याने बिऱ्हाड मांडलं. घर कसलं? रेडवुडचे चार खांब पुरले आणि वर जहाजाचं शीड ताणलं. बायको लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, पदरात तीन लेकरं, उन्हाळ्यातला तो बोचरा पश्चिमेचा वारा, धुकं, आणि डोक्यावर शिडाचं कापड. आसपास अस्वलं आणि कोल्हे. मारिया अँटोनियाने ते दिवस कसे काढले असतील याचा मी वारंवार विचार करतो. इतिहासात तिच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, पण हे गाव दोघांनी वसवलं असंच मी म्हणेन.

त्याच वर्षी फळ्यांचं घर उभं राहिलं, नंतर कच्च्या विटांचं मोठं घर, लोक त्याला 'कासा ग्रांदे' म्हणत. आल्काल्दे, म्हणजे गावचे कारभारी, फ्रान्सिस्को दे आरो आणि रिचर्डसन यांनी मिळून गावाची आखणी केली. त्या आखणीत रस्ता किती? एकच. 'काये दे ला फुंदासियोन', म्हणजे स्थापनेचा रस्ता. पुढे तो ड्युपाँ स्ट्रीट झाला आणि आज ग्रँट अव्हेन्यू, म्हणजे चायनाटाउनचा मुख्य रस्ता.

डिसेंबर १८३५ मध्ये रिचर्ड हेन्री डेना हा बोस्टनचा तरुण खलाशी कातड्यांच्या जहाजावरून इथे आला. त्याने लिहून ठेवलंय की या भागात मिशन आणि ठाणं सोडलं तर वस्ती म्हणावी असं एकच, रिचर्डसन नावाच्या माणसाचं खरबरीत फळ्यांचं खोपटं. तोच डेना १८५९ मध्ये परत आला तेव्हा समोर अख्खं शहर होतं.

गावाचं पोट कशावर चालायचं? कातडी आणि चरबी. कॅलिफोर्नियात रोख पैसा फार नव्हता, गुरांची कातडी हेच चलन. बोस्टनची जहाजं केप हॉर्नला वळसा घालून यायची, कातडी न्यू इंग्लंडच्या जोडे करणाऱ्यांकडे आणि चरबी साबण-मेणबत्त्यांसाठी जायची. जहाज मोठं, खाडीतल्या उथळ ओढ्यांत शिरू शकत नाही. रिचर्डसनकडे मिशनच्या मालकीची दोन छोटी स्कूनर, म्हणजे शिडाची हलकी गलबतं, होती. सांता क्लारापासून उत्तरेच्या टोकापर्यंत कुठे कुठे माल पडलाय तो गोळा करून तो येर्बा ब्वेनाला जहाजापर्यंत आणायचा. भाडं एका कातड्याला १२ सेंट आणि चरबीच्या पोत्याला १ डॉलर. हे पोतंही कातड्याचंच : चरबी वितळवून कातड्यात ओतायची, एकेक पोतं ५०० पौंडांच्या घरात!

म्हणजे हे गाव राजाच्या फर्मानातून, किल्ल्यातून किंवा देवळातून उभं राहिलेलं नाही. नांगर कुठे धरेल, वारा कुठे अडेल, होडी कुठे लावता येईल हे ज्याला कळत होतं त्याने जागा निवडली. ते लष्कराला साठ वर्षांत सुचलं नव्हतं. मला रिचर्डसन महत्त्वाचा वाटतो तो याच्यासाठी. पुढचा भाग (सॉसॅलिटो, जमीन, कर्ज) प्रतिसादांत लिहितो.

---

मृण्मयी_के

काय सुंदर लिहिलंय! त्या ग्रँट अव्हेन्यूवरून कितीदा गेलोय, हे ठाऊकच नव्हतं. वाचनखूण साठवली. पुढचा भाग लवकर येऊ द्या.

---

निवृत्त_नाखवा

मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, चीफ ऑफिसर म्हणून ओकलंडला माल घेऊन गेलोय. जागेबद्दल थोडं सांगतो, कारण 'लष्कराला सुचलं नव्हतं' हे वाक्य मला फार पटलं.

गोल्डन गेट सर्वांत अरुंद जागी साधारण एक मैल रुंद. अख्ख्या खाडीचं पाणी त्याच फटीतून आत-बाहेर करतं. ओहोटीचा ओढ चार-पाच नॉटचा सहज लागतो. शिडाचं जहाज वारा पडल्यावर तिथे सापडलं की संपलं. बाहेर पोटॅटो पॅच नावाचा उथळ भाग, त्यावर लाटा उसळतात. प्रेसिडियो या तोंडाला लागूनच आहे. तोफा ठेवायला जागा उत्तम, शत्रू समोरून जाणार. पण नांगर टाकायला वाईट : ओढ जोराचा, पश्चिमेचा वारा सरळ अंगावर.

येर्बा ब्वेना त्याच टोकाला वळसा घातल्यावर पूर्वेच्या बाजूला. टेकड्या वारा अडवतात, ओढ कमी, तळाला चिखल, म्हणजे नांगर पकडतो. आपला विजयदुर्ग बघा, वाघोटनच्या खाडीत आत वळल्यावर गलबतं कशी निवांत असायची. तसंच. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरनेही १७९२ मध्ये इथेच नांगर टाकला होता, नंतर जहाज प्रेसिडियोसमोर नेलं. खलाशाला हे नकाशाशिवाय कळतं.

अजून एक. अल्काट्राझच्या पूर्वेला ब्लॉसम रॉक नावाचा पाण्याखालचा खडक होता. १८२६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या बीचीने तो नोंदला. तो चुकवायला खलाशी ओकलंडच्या डोंगरावरची दोन उंच रेडवुडची झाडं धरून जहाज हाकायचे. ती झाडं पुढे लाकडासाठी तोडली आणि १८७० मध्ये खडकही सुरुंगाने उडवला. रिचर्डसन जहाजांना वाट दाखवायचा तो अशाच खुणांवर. आमच्या वेळी रडार होतं, तरी किनाऱ्याच्या खुणा पाठ करून घ्यायचे वरिष्ठ.

---

शोधयात्री

लेख आवडला, पण 'संस्थापक' हा शब्द मला टोचतो. ती जागा रिकामी नव्हती. द्वीपकल्पाच्या टोकावर ओलोनी लोकांपैकी येलामू गट हजारो वर्षं राहत होता. १७७६ मध्ये मिशन आणि ठाणं आलं. मिशनच्या कोंदट खोल्या आणि साथीचे आजार यांनी त्या लोकांची वाताहत केली, १८०६ च्या गोवराच्या साथीत तर लहान मुलं आणि बायका फार गेल्या. मिशन डोलोरेसच्या दफनभूमीत पाच हजारांहून जास्त मूळनिवासी पुरलेत असं सांगतात. रिचर्डसन आला तोपर्यंत जागा 'मोकळी' दिसत होती ती या कारणाने. आणि त्याच्या स्कूनरवर वल्ही मारायला कोण होतं? मिशनमधले मूळनिवासीच ना? त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत?

---

दर्याकिनारा

शोधयात्री, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि धाग्यात तो यायलाच हवा होता. होय, त्याच्या होड्यांवरचे खलाशी मूळनिवासी होते. खाडीतले ओढे, चिखल, लव्हाळ्यांतल्या वाटा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. ते आधीपासून लव्हाळ्यांच्या मोळ्या बांधून केलेल्या होड्यांतून ही खाडी पार करत होते. रिचर्डसनने त्यांना शिडाची होडी बांधायला शिकवलं हे खरं, पण खाडी त्याला कुणी शिकवली हेही विचारलं पाहिजे.

तरी 'संस्थापक' शब्द मी मर्यादित अर्थाने ठेवेन. येर्बा ब्वेना नावाचं व्यापारी गाव, त्याचा पहिला रस्ता आणि पहिलं घर, एवढ्यापुरता. जमीन त्याने शोधली असं मी म्हणणार नाही.

नाखवाकाका, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचं सार्थक झालं. दोन झाडांची गोष्ट मी लेखात घ्यायला हवी इतकी छान आहे.

आता पुढचा भाग.

१८३६ मध्ये जेकब लीज हा अमेरिकन व्यापारी आला. रिचर्डसनच्या शेजारी त्याने घर बांधलं आणि ४ जुलैला अख्ख्या परिसराला जेवायला बोलावलं. उत्तरेकडून मारियानो वायेहो आले, आसपासची घराणी आली, नाच दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. दोन घरांचं गाव आणि साऱ्या पंचक्रोशीचा मेळा!

१८३८ मध्ये गव्हर्नर अल्वाराडो यांनी रिचर्डसनला खाडीपलीकडचं रांचो (जहागिरीसारखी जमीन) सॉसॅलिटो दिलं : जवळजवळ वीस हजार एकर, टॅमलपाइस डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत. १८४१ मध्ये कुटुंब तिकडे गेलं. इथे पुन्हा त्याचा खलाशी डोळा दिसतो. वर्षानुवर्षं समुद्रावर फिरणाऱ्या व्हेलरना, म्हणजे देवमाशांच्या शिकारी जहाजांना, सर्वांत आधी काय लागतं? गोडं पाणी आणि जळण. सॉसॅलिटोला झरे बारमाही आणि डोंगरावर झाडी. येर्बा ब्वेनाला चांगल्या पाण्याची टंचाईच होती. व्हेलर सॉसॅलिटोला थांबू लागले, रिचर्डसन त्यांना पाणी, लाकूड, मांस पुरवायचा. दुसरीकडे तो बंदराचा कप्तान, म्हणजे सरकारचा माणूस. जकात राजधानी माँटेरेला भरायची आणि जहाजं परस्पर त्याच्या दारात. जकात बुडते असा संशय सरकारला येत राहिला, वायेहोंशी खटके उडाले, १८४४ मध्ये ते पद गेलं.

१८४६ मध्ये अमेरिकन नौदलाने 'पोर्ट्समाउथ' जहाजावरून येऊन चौकात झेंडा लावला. ३० जानेवारी १८४७ ला येर्बा ब्वेनाचं नाव बदलून सॅन फ्रान्सिस्को केलं. त्या उन्हाळ्यात गावात ४५९ माणसं मोजली. जानेवारी १८४८ मध्ये कोलोमाला सोनं सापडलं आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

---

केतकीचं_बन

माझ्या मुलीने चौथीत मिशनचं मॉडेल केलं होतं (कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांना हा प्रकल्प चांगलाच माहीत असेल). पुठ्ठ्याच्या भिंती, कौलांसाठी रंगवलेल्या मॅकरोनी, आणि शेजारी शेत. मॉडेलमध्ये माणसं कुठेच नव्हती. शोधयात्रींचा प्रतिसाद वाचून तेच आठवलं. अलीकडे बऱ्याच शाळांत त्याऐवजी मूळनिवासींच्या जीवनावर प्रकल्प देतात असं ऐकलंय, तसं असेल तर फार चांगलं.

मारिया अँटोनियाबद्दल अजून काही मिळालं तर जरूर लिहा. शिडाखाली तीन मुलं घेऊन राहिलेली ती बाई डोक्यातून जात नाहीये.

---

वैद्यबुवा

रिचर्डसनच्या मृत्यूबद्दल वाचलं होतं म्हणून लिहितो. संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेल्या पाऱ्याच्या गोळ्यांनी तो गेला असं सांगितलं जातं, १८५६ मध्ये. त्या काळात हे अजिबात विचित्र नव्हतं. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड, आणि 'ब्लू मास' नावाच्या निळसर गोळ्या, अमेरिकेत आणि युरोपात बद्धकोष्ठापासून गरमीपर्यंत सगळ्यावर सर्रास द्यायचे. तोंडातून लाळ गळायला लागली की औषध लागू पडलं असं समजत, वास्तविक ते विषबाधेचं लक्षण. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, हातपाय थरथरायचे, मूत्रपिंडं निकामी व्हायची. आयुष्यभर समुद्राने न मारलेला माणूस दवाखान्याच्या पुडीने गेला, वाईट वाटतं.

---

दर्याकिनारा

धन्यवाद वैद्यबुवा. २० एप्रिल १८५६, वय साठ. आणि गेला तो जवळजवळ कफल्लक होऊन. तो भाग मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त लागतो.

अमेरिकेने कॅलिफोर्निया घेतल्यावर मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनी मान्य करू असं मेक्सिकोशी झालेल्या तहात म्हटलं होतं. पण १८५१ च्या जमीन कायद्याने प्रत्येक मालकाला आयोगापुढे उभं राहून आपला हक्क सिद्ध करायला लावलं. मेक्सिकन काळातले नकाशे म्हणजे ढोबळ रेखाटनं : हा ओढा, ती टेकडी, ते मोठं झाड. खटले वर्षानुवर्षं चालायचे. वकील, मोजणीदार, कर, आणि तोवर जमिनीवर ठाण मांडून बसणारे घुसखोर. सावकाराचं व्याज त्याहून वरचढ. असंख्य कॅलिफोर्नियो, म्हणजे मेक्सिकन काळापासूनची स्पॅनिशभाषक, घराणी या कायद्याखाली भिकेला लागली. रिचर्डसननेही जमीन तुकड्यातुकड्याने विकली, गहाण ठेवली, शेवटी सॅम्युएल थ्रॉकमॉर्टन नावाच्या व्यावसायिकाच्या हाती कारभार दिला. रांचो सॉसॅलिटोच्या मालकीचं अंतिम सरकारी हक्कपत्र, म्हणजे पेटंट, १८७९ मध्ये निघालं. धनी जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर!

कासा ग्रांदेही १८५२ मध्येच पाडलं. ज्या चढावर त्याने शीड ताणलं तिथल्या जमिनीला तेव्हा सोन्याचा भाव आला होता, आणि ती त्याची राहिली नव्हती. बंदर वाचता येणाऱ्या माणसाला कोर्टाचे कागद वाचता आले नाहीत असं कुणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. कायदाच असा होता की शहाणी, शिकलेली, पिढीजात जमीनदार घराणीही त्यात बुडाली. मार्तिनेस आणि वायेहो यांच्याही जमिनी अशाच गेल्या.

केतकी, त्यांचा मुलगा एस्तेबान (स्टीव्हन) १८३१ चा, म्हणजे शिडाच्या घरात आला तेव्हा चार वर्षांचा. तो विसाव्या शतकापर्यंत जगला आणि म्हातारपणी त्याने जुन्या दिवसांच्या आठवणी वर्तमानपत्राला सांगितल्या. आईबद्दल आणि रांचोवरच्या घराबद्दल जे थोडंफार वाचायला मिळतं ते बरंचसं त्याच्याकडून.

---

निवृत्त_नाखवा

एक पुरवणी जोडतो. १८४९-५० मध्ये शेकडो जहाजं त्याच येर्बा ब्वेनाच्या आखातात बेवारस पडली, कारण खलाशी सोनं शोधायला पळाले. ती जहाजं ओढून काठाला आणली, त्यांची गोदामं, हॉटेलं केली, आणि आखात बुजवत गेले तशी ती मातीखाली गेली. 'नायँटिक' हे व्हेलर जहाज क्ले आणि सॅन्सम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गोदाम झालं, मग हॉटेल, १९७८ मध्ये इमारतीचा पाया खणताना त्याचा सांगाडा निघाला. १९९० च्या दशकात मुनी या शहरी रेल्वेचा बोगदा खणताना 'रोम' नावाचं जहाज मधे आलं, बोगदा त्याच्यातून आरपार नेला. नांगर टाकायला इतकी चांगली जागा की जहाजं कायमचीच तिथे राहिली.

---

मृण्मयी_के

हे सगळं बघायला जायचं ठरवतोय, मुलांना घेऊन. कुठून सुरू करू?

---

दर्याकिनारा

ग्रँट अव्हेन्यूवर क्ले आणि वॉशिंग्टन यांच्या मधल्या पट्ट्यात ८२३ नंबरच्या आसपास भिंतीवर पाटी आहे, २५ जून १८३५ ची तारीख असलेली. वर दुकानांच्या पाट्या आणि कंदील असतात, नीट शोधावी लागते. तिथून क्ले स्ट्रीटने उताराला लागा, लगेच पोर्ट्समाउथ स्क्वेअर येतो, तो गावाचा मूळ चौक. अजून एक ब्लॉक उतरून माँटगोमेरी स्ट्रीटला या. १८३५ मध्ये भरतीचं पाणी इथवर यायचं. ट्रान्सअमेरिका पिरॅमिड जवळच आहे. इथून फेरी बिल्डिंगपर्यंत तुम्ही ज्यावरून चालाल ते सगळं भराव घालून बुजवलेलं आखात, सॅन्समच्या कोपऱ्यावर नायँटिकची पाटीही आहे.

मग फेरी बिल्डिंगवरून सॉसॅलिटोची बोट घ्या आणि डेकवर बसा. मुलांना डावीकडे गोल्डन गेट दाखवा आणि ओढ कुठे लागतो, वारा कुठे पडतो ते विचारा. दुपारी वारा जोराचा असतो, जाकिटं न्या.